कासवे वाढली, कुरणे संपली

हिरव्या कासवांच्या संवर्धनाला जगभर यश येत असताना लक्षद्वीपच्या उथळ पाण्यातील सागरी गवत मात्र गेल्या वीस वर्षांत बेटामागून बेट नाहीसे होत गेले. या दोन गोष्टींचा संबंध काय, आणि त्याची किंमत कोण मोजते आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबी येथे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची (आययूसीएन) परिषद भरली होती. तिथे जाहीर झालेल्या ‘लाल यादी’त एक बातमी दुर्मीळ म्हणावी अशी होती. अनेक वर्षे संकटग्रस्त मानले गेलेले हिरवे कासव आता ‘किमान चिंते’च्या वर्गात आले आहे. १९७० च्या दशकाच्या तुलनेत जगातील या कासवांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज आहे. शिकारीवर बंदी, अंडी घालण्याच्या किनाऱ्यांचे रक्षण आणि मासेमारीच्या जाळ्यात अडकणाऱ्या कासवांना वाचवण्याचे उपाय, या सगळ्याचे हे फळ.

लक्षद्वीपच्या मच्छीमाराला मात्र या बातमीचे फारसे कौतुक वाटणार नाही. त्याच्या अंगणातल्या समुद्रात हिरवी कासवे वाढली, हे त्याला वीस वर्षांपूर्वीच ठाऊक झाले होते. त्यापाठोपाठ पाण्याखालचे गवत गेले, गवतातले मासे कमी झाले आणि जाळी फाटू लागली, असे तो सांगत आला आहे. सुरुवातीला ही नेहमीची कुरकुर वाटली होती. पण शास्त्रज्ञांनी पाण्यात उतरून वर्षानुवर्षे मोजमाप केले, तेव्हा या तक्रारीत बरेच तथ्य असल्याचे दिसून आले.

गवत वेगळे, शैवाल वेगळे

समुद्रात जे हिरवे दिसते त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. सागरी गवत हे शैवाल नव्हे. ती सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, वाळूत आडवी पसरणारी खोडे असतात, पाने असतात, पाण्याखाली फुले येतात आणि बियाही धरतात. जमिनीवरच्या वनस्पतींचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात उतरले, त्यांचे हे वंशज. जगभरात त्यांच्या सुमारे ७० जाती आहेत.

शैवालाला खरी मुळे नसतात. ते आपल्या सर्वांगाने पाण्यातील पोषकद्रव्ये शोषते, झपाट्याने वाढते आणि मोकळी जागा दिसली की ती व्यापते. गवताचा कारभार संथ आहे. ते वाळूतल्या खोडांत अन्नसाठा करून ठेवते आणि त्या साठ्यावर वाईट दिवस काढते. उथळ पाण्यात कोणाचे राज्य येणार, हे बरेचसे या दोघांच्या वेगातील फरकावर ठरते. पाणी स्वच्छ आणि पोषकद्रव्ये कमी असतील तर गवत टिकते. सांडपाणी मिसळू लागले की शैवालाचे फावते. ते गवताच्या पानांवरही थर धरते आणि त्यांचा सूर्यप्रकाश अडवते.

सागरी गवताने व्यापलेला भाग सागरतळाच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी आहे. तरीही समुद्राच्या गाळात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या कार्बनपैकी सुमारे दहा टक्के वाटा या कुरणांचा मानला जातो. माशांची पिल्ले, कोळंबी, खेकडे यांचे ते पाळणाघर असते. पानांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि मुळे वाळू धरून ठेवतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच असलेल्या बेटासाठी वाळू जागेवर राहणे ही छोटी गोष्ट नाही.

ही कुरणे जगभर घटत आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार, १८७९ पासून नोंदवलेल्या क्षेत्रापैकी २९ टक्के गवत नष्ट झाले होते आणि १९८० पासून दरवर्षी सरासरी ११० चौरस किलोमीटर गवत नाहीसे होत होते. बंदरे, गाळउपसा, सांडपाणी, तापणारे पाणी ही त्याची नेहमीची कारणे. लक्षद्वीपचे प्रकरण वेगळे ठरते ते याच ठिकाणी. तिथे कुरण संपवणारा मुख्य घटक कारखाना किंवा बंदर नव्हता. तो कायद्याने संरक्षित असलेला एक शाकाहारी प्राणी होता.

आगत्तीपासून सुरुवात

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत. त्यांतल्या दहा बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते, तर प्रवाळाच्या कड्याने वेढलेले उथळ पाणी, म्हणजे लगून, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. लाटांचा मारा कडा झेलतो, म्हणून आतले पाणी शांत असते. तिथल्या वाळूवर ही कुरणे वाढत असत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील टी. जी. जगताप यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस लक्षद्वीपच्या कुरणांची रचना नोंदवून ठेवली. पुढे काय हरवले हे समजण्यासाठी अशा जुन्या नोंदींचा मोठा आधार असतो.

पूर्वी लक्षद्वीपमध्ये कासवांची शिकार होत असे. त्यांच्या चरबीचे तेल लाकडी होड्यांना लावले जाई. वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली सागरी कासवांना सर्वोच्च संरक्षण मिळाल्यावर हे थांबले. हिरवे कासव प्रौढ व्हायला वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्यामुळे संरक्षणाचा परिणाम दिसायलाही तेवढाच काळ जातो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवे मोठ्या संख्येने चरताना दिसू लागली.

महाराष्ट्रातील वाचकाला कासव म्हटले की वेळास आठवते. तिथे अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले कासव खेकडे, शिंपले, जेलीफिश असे पदार्थ खाते. हिरव्या कासवाचे तसे नाही. ते मोठे झाल्यावर मुख्यतः गवत आणि शैवाल यांवर जगते. त्याची चरण्याची पद्धतही खास आहे. ते एकच तुकडा पुन्हा पुन्हा कातरते, कारण नव्याने फुटलेली कोवळी पाने पचायला हलकी आणि अधिक पौष्टिक असतात. कासवे थोडी असतील तर हे गवताला मानवते. जुनी, शैवालाने माखलेली पाने निघून जातात आणि नवी फुटतात. कासवांची दाटी झाली की मात्र पान फुटते न फुटते तोच कातरले जाते. मग गवत वाळूतल्या खोडांमधला साठा वापरू लागते. तो संपला की झाड मरते.

म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक गेल्या शतकाच्या अखेरीपासून लक्षद्वीपमध्ये काम करत आहेत. रोहन आर्थर, स्पेनच्या तेरेसा अल्कोवेरो आणि त्यांचे सहकारी यांचे २०१० आणि २०१३ मधील शोधनिबंध हा क्रम टप्प्याटप्प्याने दाखवतात. कासवांची घनता वाढते तसे गवत खुजे आणि विरळ होते, फुले येणे कमी होते. जातीही बदलतात. थॅलेशिया हे रुंद पानांचे, सावकाश वाढणारे गवत मागे पडते आणि सायमोडोसिया हे लवकर वाढणारे गवत त्याची जागा घेते. नचिकेत केळकर यांच्या अभ्यासात असे दिसले की, या कुरणांत तयार होणाऱ्या पानांचे पुढे काय होणार, हे ठरवण्यात कासवांचा वाटा इतर सर्व घटकांपेक्षा मोठा आहे.

आगत्तीचे कुरण खालावल्यावर कासवे तिथे उपाशी बसली नाहीत. ती इतर बेटांच्या लगूनकडे वळली. कवरत्ती, कदमत यांसारख्या बेटांवर कासवांची गर्दी वाढली आणि तिथेही तेच घडू लागले. मयूरेश गांगल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याला द्वीपसमूहभर एकामागून एक झालेला कार्यात्मक ऱ्हास म्हटले आहे. कार्यात्मक ऱ्हास म्हणजे गवताची काडी न् काडी गेली असे नव्हे. इथेतिथे तुरळक रोपे उरतात. पण माशांना आसरा देणे, वाळू धरणे, कार्बन साठवणे ही कुरणाची कामे ती करू शकत नाहीत.

तक्रार आणि तिच्यातले तथ्य

लक्षद्वीपची मासेमारी दोन प्रकारची आहे. बाहेरच्या खोल समुद्रात ट्युना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, गळाने पकडला जातो. त्यासाठी जिवंत आमिष लागते आणि ते छोटे मासे लगूनमधून धरले जातात. दुसरी मासेमारी घराजवळची. उथळ पाण्यात जाळे टाकून किंवा गळ टाकून रोजच्या जेवणापुरते मासे आणायचे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना होड्या बाहेर जाऊ शकत नाहीत, तेव्हा लगूनच घर चालवते. देशात माशांचा दरडोई खप सर्वाधिक असलेल्या भागांपैकी लक्षद्वीप एक आहे. त्यामुळे लगूनमधले मासे घटणे हा थेट ताटातल्या प्रथिनांचा प्रश्न होतो.

कासवे आली आणि मासे गेले, ही मच्छीमारांची तक्रार २०१३ च्या एका अभ्यासात पडताळून पाहिली गेली. कासव मासे खात नाही, मग मासे कमी कसे होतील, असा साधा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर गवतात होते. कासवांनी कातरलेल्या खुज्या कुरणात माशांना लपायला जागा राहत नाही, म्हणून तिथे मासे कमी आढळतात. जाळी फाटण्याचे नुकसान डोळ्यांना दिसते, पण कुरण गेल्याने होणारे नुकसान त्याहून मोठे असू शकते. कारण-परिणामाची साखळी लांब होती, तरी मच्छीमारांचे निरीक्षण बरोबर होते.

इथे संवर्धनाची अडचण सुरू होते. ज्या माणसांनी शिकार सोडली, त्यांच्याच वाट्याला तोटा आला. या नुकसानीची भरपाई कोणत्या खात्यातून द्यायची, याचे उत्तर सोपे नाही. बिबट्याने शेळी मारली तर पंचनामा होतो. कासवाने गवत खाल्ले आणि त्यामुळे दोन वर्षांनी मासे घटले, याचा पंचनामा कसा करणार?

प्रवाळ आणि शैवाल

कुरणे संपत असताना शेजारच्या प्रवाळावरही संकट होते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०२४ च्या उष्णतेच्या लाटेत केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनेही तिथे व्यापक विरंजनाची नोंद केली. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या २४ वर्षांच्या नोंदींनुसार, जिवंत प्रवाळाचे प्रमाण १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये सुमारे १९ टक्क्यांवर आले.

प्रवाळ मेले की त्याच्या सांगाड्यावर सर्वात आधी शैवाल बसते. ते तसेच वाढत राहिले तर प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला जागा मिळत नाही. शैवाल खाणारे मासे, म्हणजे पॅरटफिश, सर्जनफिश यांची फौज मोठी असेल तर जागा साफ राहते. १९९८ नंतर लक्षद्वीपचे काही प्रवाळ बऱ्यापैकी सावरले. त्याचे एक कारण असे सांगितले जाते की, तिथले मच्छीमार ट्युनाच्या मागे होते आणि खडकावरच्या माशांवर मासेमारीचा दाब कमी होता. आता त्या माशांनाही बाजार मिळू लागला आहे. शाकाहारी माशांच्या काही जाती लहानपणी गवताच्या कुरणात वाढतात. कुरण गेले तर खडकावरचे हे सफाई कामगारही कमी होण्याचा धोका आहे. गवत, प्रवाळ आणि शैवाल यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडून चालत नाही तो यामुळे.

यात सांडपाण्याची भर पडते. प्रवाळी बेटाची जमीन सच्छिद्र वाळूची असते. तिच्यात खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हीच बेटाची विहीर. शोषखड्ड्यांतून झिरपणारे मैलापाणी याच थरात मिसळते आणि पुढे लगूनमध्ये उतरते. त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस शैवालाला खतासारखे लागू पडतात. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिल्यानंतर पर्यटनाची चर्चा वाढली. लगूनच्या पाण्यावर व्हिला उभारण्याच्या योजना त्याआधीपासूनच कागदावर आहेत. प्रत्येक नव्या खोलीबरोबर येणारे सांडपाणी कुठे जाणार, हा प्रश्न त्यामुळे तातडीचा झाला आहे.

आरोग्याचा धागा

सागरी गवताचा माणसाच्या आरोग्याशी असलेला संबंध केवळ माशांपुरता नाही. इंडोनेशियातील स्पर्मोंडे द्वीपसमूहात झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या बेटांवर सांडपाणी प्रक्रियेची सोय नव्हती. शास्त्रज्ञांना असे आढळले की, गवताची कुरणे असलेल्या पाण्यात माणसाला आणि समुद्री जीवांना अपायकारक ठरू शकणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण कुरणे नसलेल्या जागेपेक्षा सुमारे निम्मे होते. कुरणांशेजारच्या प्रवाळांतही रोगाचे प्रमाण निम्म्यावर होते. गवताने हे नेमके कसे साधले याबाबत गाळ खाली बसवणे, जिवाणूनाशक द्रव्ये स्रवणे, पाण्यात प्राणवायू सोडणे अशा अनेक शक्यता मांडल्या जातात. लक्षद्वीपसारख्या, मैलापाण्याची अपुरी सोय असलेल्या बेटांसाठी याचा अर्थ उघड आहे. मुलांच्या पोहण्याच्या आणि माशांच्या पाण्याला मिळणारी एक फुकटची गाळणी कमी होते.

शैवाल वाढण्याशी निगडित दुसरा धोका सिग्वाटेरा या विषबाधेचा. मृत प्रवाळ आणि शैवालावर राहणारे काही सूक्ष्मजीव एक विष तयार करतात. छोट्या माशांकडून ते मोठ्या शिकारी माशांत साठत जाते. असा मासा शिजवला तरी विष नष्ट होत नाही. खाणाऱ्याला उलट्या-जुलाब होतात, हातापायांना मुंग्या येतात आणि थंड वस्तू गरम लागण्यासारखी विचित्र लक्षणे दिसतात. उष्ण कटिबंधातील बेटांवर हा जुना आजार आहे. प्रवाळ मरून शैवालाची जागा वाढते तेव्हा त्यावर लक्ष ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मग करायचे काय?

लक्षद्वीप हे एकमेव उदाहरण नाही. अटलांटिकमधील बर्म्युडा बेटांवर कासवांना अडवणारे पिंजरे लावून पाहिले असता आतले गवत बाहेरच्यापेक्षा चांगले वाढले. इंडोनेशियातील देरावान बेटांवरील संरक्षित क्षेत्रात कासवे पाने संपल्यावर वाळू उकरून खोडेही खाऊ लागली. २०१४ मध्ये याविषयी लिहिताना शास्त्रज्ञांनी इशारा दिला की, कुरण कोसळले तर कासवांचे संवर्धनही धोक्यात येईल.

याचा अर्थ कासवे मारायला सुरुवात करावी असा मुळीच नाही. एकेकाळी जगातील समुद्रांत आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कासवे होती, असे इतिहासातल्या नोंदी सुचवतात. त्या काळी कुरणे विस्तीर्ण होती, पाणी स्वच्छ होते आणि कासवांवर नजर ठेवणाऱ्या मोठ्या मुशी, म्हणजे शार्क, मुबलक होत्या. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील संशोधनात दिसले आहे की, टायगर शार्कच्या भीतीने कासवे एकाच जागी निवांत चरत राहत नाहीत. शिकारी संपवले, कुरणे आक्रसली आणि फक्त कासव वाचवले, तर तोल जाणारच. दोष कासवाचा नाही. निसर्गाचा एकच तुकडा उचलून वाचवण्याच्या पद्धतीचा आहे.

उपायांची दिशा यातूनच दिसते. पहिले, उरलेल्या कुरणांचे काही तुकडे कुंपण घालून राखणे, म्हणजे पुढे बी आणि खोडांचा साठा हाताशी राहील. तुतिकोरिनच्या सुगंधी देवदासन सागरी संशोधन संस्थेने मन्नारच्या आखातात गवताची पुनर्लागवड करून दाखवली आहे. पण जिथे कासवांची दाटी आहे तिथे कुंपणाशिवाय लावलेले गवत म्हणजे कासवांना वाढलेले ताट ठरेल. दुसरे, शार्कच्या मासेमारीला लगाम. याचा परिणाम दिसायला दशके लागतील, म्हणून तो आजच सुरू व्हायला हवा. तिसरे, सांडपाणी आणि गाळउपसा रोखून गवतावरचे इतर ताण कमी करणे. आणि चौथे, मच्छीमारांचे नुकसान मोजून मान्य करणे. फाटलेल्या जाळ्याला भरपाई देता येते. कुरणांची आणि कासवांची नियमित नोंद ठेवण्याचे कामही मच्छीमारांनाच मानधनावर देता येईल, कारण रोज त्या पाण्यात तेच असतात.

एक शक्यता अशीही आहे की, खायला उरले नाही की कासवे आपोआप पांगतील आणि गवत परत येईल. निसर्गात असे चढउतार होतात. पण गवत परत येण्यासाठी जवळपास कुठेतरी बी-खोड शिल्लक असावे लागते आणि दरम्यान वाळू जागेवर राहावी लागते. सगळ्याच बेटांवर एकाच काळात कुरणे गेली, तर बी येणार कुठून?

भारतातील सागरी गवताचा मोठा भाग पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचे आखात येथे आहे. तिथे २०२२ मध्ये डुगाँग या गवत खाणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यासाठी देशातील पहिले राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्या वेळी प्राण्याबरोबर त्याच्या कुरणाचाही विचार झाला, ही चांगली गोष्ट. लक्षद्वीपमध्ये कासवांना कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले, मात्र ती ज्यावर जगतात त्या गवताकडे तितके लक्ष गेले नाही. संवर्धनाचे यश मोजताना प्राण्यांची संख्या मोजली जाते, ती मोजायलाच हवी. त्याच तक्त्यात एक रकाना कुरणाच्या क्षेत्रफळाचा आणि एक लगूनमधल्या माशांचा असता, तर आगत्तीत काय होते आहे हे इतर बेटांवर ते घडण्याआधीच ध्यानात आले असते. ‘किमान चिंते’च्या वर्गात आलेल्या कासवाची पुढची पिढी काय खाणार, याची चिंता अजून संपलेली नाही.